सूट कुणाच्या खिशातून? ग्वाल्हेरच्या मेळ्यात मोठी गाडी घेताना

कोटेशनच्या कागदावर खालून तिसऱ्या ओळीत ठळक छापलं होतं : ‘मेला स्पेशल डिस्काउंट, ४,८०,०००’. भावोजींचा चेहरा एकदम खुलला. साठ लाखांच्या डिझेल एसयूव्हीवर पाच लाखांच्या घरात सूट म्हणजे काही थोडी नाही. सेल्समनने पेन पुढे सरकवलं. "सर, आज बुक कर दीजिए, कल का भरोसा नहीं." ताईने मात्र कागद आपल्याकडे ओढून घेतला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ये पैसा कौन छोड़ रहा है? आप, या सरकार?"

तो मुलगा जरा गोंधळला. मग म्हणाला, "मैडम, मिल तो आपको ही रहा है ना."

पैसा सरकारचा होता. आपल्या व्यापार मेळ्यात विकल्या जाणाऱ्या खासगी गाड्यांच्या रोड टॅक्समध्ये राज्य सरकार ५० टक्के सूट देतं, तीच ती. डीलरने स्वतःचा एक रुपयाही सोडला नव्हता, आणि आम्ही त्याचे आभार मानून सही करायच्या बेतात होतो.

तेव्हापासून ओळखीत कुणी मोठी गाडी घ्यायला निघालं की मी त्यांना आधी हेच सांगतो : डिस्काउंट किती ते नंतर बघू, आधी तो कुणाचा आहे ते विचारा. महागड्या गाडीच्या किमतीत सरकार, कंपनी, डीलर, विमा कंपनी आणि बँक अशा पाच जणांचा वाटा असतो. प्रत्येकाची सोडायची ताकद वेगळी, वेळ वेगळी. सगळं एकाच आकड्यात कालवून "फायनल बोलो" म्हटलं की समोरचा एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालतो आणि आपल्याला कळत नाही.

सरकारचा वाटा

सर्वांत मोठा वाटा इथेच आहे, आणि इथे घासाघीस होत नाही. पण समजून घेतलाच पाहिजे, नाहीतर तोच आपल्याला सूट म्हणून विकला जातो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर आणि मोठ्या एसयूव्हींवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. त्याआधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस, म्हणजे अधिभार, असे एकूण ५० टक्के लागायचे. आज ६० लाख एक्स-शोरूम (म्हणजे जीएसटी धरून, पण रोड टॅक्स आणि विमा सोडून) असलेल्या गाडीची करापूर्वीची किंमत साधारण ४२ लाख ८६ हजार आणि जीएसटी १७ लाख १४ हजार. जुन्या दराने हीच गाडी ६४ लाख २९ हजारांना पडली असती. म्हणून त्याआधीचे भाव कुणी दाखवून "देखिए, कितना कम कर दिया" म्हणालं तर ती कपात दिल्लीत झालेली आहे, शोरूममध्ये नाही.

इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी फक्त ५ टक्के आहे. याच किमतीत इलेक्ट्रिक एसयूव्हीचा विचार मनात असेल तर तिचं कोटेशन वेगळं मागवा. तिचा हिशेब अगदीच निराळा लागतो.

मग रोड टॅक्स. मध्य प्रदेशात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १४ टक्के आणि डिझेलला १६ टक्के आजीवन कर आहे. ६० लाखांच्या डिझेल गाडीवर ९ लाख ६० हजार. मेळ्यात याच्या निम्मे, म्हणून ते ४ लाख ८० हजार.

१९०५ साली माधवराव शिंद्यांनी सागरतालाजवळ सुरू केलेला हा मेळा. रेसकोर्स रोडच्या मैदानावर आजी आम्हाला आकाशपाळण्यात बसवायला न्यायची. आता त्याच मैदानावर इंदूर-भोपाळच्या डीलरांचे काचेचे मंडप उभे राहतात. पण या सूटीच्या दोन-तीन अटी घरात सगळ्यांना माहीत असाव्यात. ती दरवर्षी आपोआप लागू होत नाही, त्या वर्षासाठी सरकारचा वेगळा निर्णय निघावा लागतो. मेळा २५ डिसेंबरच्या सुमारास सुरू झाला तरी हा निर्णय कधी कधी जानेवारीत येतो. गाडीची कायमची नोंदणी ग्वाल्हेर आरटीओतच करावी लागते. आणि बाहेरगावच्या डीलरने ग्वाल्हेर आरटीओकडून व्यवसाय प्रमाणपत्र घेऊन मेळ्याच्या आवारात प्रत्यक्ष दुकान मांडलेलं असावं लागतं. "गाडी मेळ्याच्या खात्यात दाखवू, काळजी करू नका" असं कुणी फोनवर म्हणालं तर आधी त्याचं प्रमाणपत्र बघा.

दिल्लीचा मोह इथेच तपासायचा. ग्वाल्हेरहून दिल्ली सव्वातीनशे किलोमीटर, इंदूर त्याहून लांब. त्यामुळे पुष्कळ जण दिल्ली-गुरुग्रामचं कोटेशन आणतात. भावोजींच्या मित्राने तिथून चार लाखांची सूट आणली होती आणि आम्हाला वेड्यात काढत होता. पण दिल्लीत घेतलेली गाडी तात्पुरत्या नंबरवर इथे आणायची आणि एमपी-०७ चा, म्हणजे ग्वाल्हेरच्या नंबरचा, पूर्ण रोड टॅक्स भरायचा. म्हणजे तिथले चार लाख वाचले तरी इथले चार लाख ऐंशी हजार गेले. दिल्लीचं कोटेशन खरेदीसाठी नाही, इथल्या डीलरसमोर टेबलावर ठेवायला फार कामाचं असतं. आणि गाडी दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाच्या नावावर घेऊन कर वाचवायचा विचार असेल तर तो सोडा. बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथली नोंदणी आणि तिथला कर लागतोच.

शेवटी टीसीएस. गाडीची किंमत दहा लाखांच्या वर असली की डीलर एक टक्का प्राप्तिकर गोळा करतो. आपल्या गाडीवर साठ हजारांच्या आसपास. हा खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना कापून घेता येतो, कर कमी बसला तर परत मिळतो. म्हणून ज्याचं रिटर्न नियमित भरलं जातं त्याच्याच पॅनवर गाडी घ्या. कोटेशनमध्ये ही ओळ दिसली की तिच्यावर वाद घालू नका, फक्त वेगळी लिहून ठेवा.

डीलरच्या खिशात दोन कप्पे

खरी घासाघीस इथे आहे. डीलरकडे सोडायला येणारा पैसा दोन वाटांनी येतो. एक त्याचं स्वतःचं मार्जिन, जे लोक समजतात त्यापेक्षा बरंच बारीक असतं. दुसरा, कंपनीकडून आलेला पाठिंबा : अमुक मॉडेलवर अमुक महिन्यात इतकी सूट द्या, आम्ही भरून देऊ. हा दुसरा कप्पा कधी रिकामा असतो, कधी भरलेला. सेल्समन तो स्वतःहून उघडत नाही, कारण गिऱ्हाइकाने मागितला नाही तर तो डीलरकडेच राहण्याची शक्यता असते.

तो कप्पा कधी भरतो? गाडी पडून राहिली की.

हे जरा खोलात जाऊन बघू, कारण भाव करायची सगळी ताकद यातूनच येते. डीलर बहुतेक गाड्या बँकेच्या पैशावर उचलतो. समजा त्याला ९ टक्के व्याज पडतं. साठ लाखांची गाडी त्याच्या यार्डात एक महिना उभी राहिली की ४५ हजार रुपये व्याज झालं. चार महिने उभी राहिली तर १ लाख ८० हजार. म्हणजे सप्टेंबरात आलेली आणि जानेवारीत उभीच असलेली पांढरी गाडी आज दोन लाख सोडून विकणं त्याला आणखी चार महिने सांभाळण्यापेक्षा परवडतं. हेच मॉडेल तुम्हाला हवं त्या रंगात कंपनीकडून नव्याने मागवायचं असेल, तर मात्र त्याला सोडायचं काहीच कारण नाही. तुमचे पैसे आगाऊ आले, त्याचं व्याज शून्य.

म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न किमतीचा नको. "आत्ता यार्डात कोणत्या गाड्या आहेत, कोणत्या महिन्यात बनलेल्या?" हा विचारा. सेल्समनचं बसणं बदलतं, हे मी स्वतः पाहिलंय. तो टॅब उघडतो, यादी चाळतो, आणि आपण फिरायला आलेलं कुटुंब नाही हे त्याच्या लक्षात येतं. निर्मितीचा महिना आणि वर्ष विक्रीच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म २१ वर असतं आणि पुढे आरसीवरही येतं, त्यामुळे ते लपवता येत नाही.

मेळ्याचे दोन महिने याच कारणासाठी मोलाचे आहेत. जानेवारी उजाडली की डिसेंबरात बनलेली गाडीसुद्धा ‘मागच्या वर्षाची’ होते. डीलरला ती खपवायची असते, कंपनीलाही. मागच्या वर्षाची गाडी घ्यावी का? सात-आठ वर्षं वापरणार असाल तर डोळे झाकून घ्या, चांगली सूट मिळत असेल तर. तीन वर्षांत बदलायची सवय असेल तर विकताना वर्षाचा फरक भरून द्यावा लागेल, तेव्हा ती सूट तेवढी मोठी आहे का ते आधी बघा. नव्या वर्षाच्या आणि जुन्या वर्षाच्या गाडीत पन्नास हजारांचाच फरक सांगत असतील तर नवी घ्या.

तिथीचाही उपयोग होतो. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा या दिवशी लोक सूट बघत नाहीत, मुहूर्त बघतात. तेव्हा भाव करायला जाऊ नये. पितृपक्षात शोरूम ओस असतात. आणि आपल्याकडे खरमास, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ. आपल्या शेजारची हिंदी भाषक कुटुंबं या दिवसांत गाडी घ्यायचं टाळतात. मेळा तर लागलेला असतो, पण गाड्यांच्या मंडपात बघे जास्त आणि घेणारे कमी. संक्रांत झाली आणि टॅक्सचा निर्णय जाहीर झाला की तिथे उभं राहायला जागा नसते. त्या गर्दीत डीलर स्वतःचा डिस्काउंट हळूच आवळतो, कारण निम्म्या टॅक्ससाठी लोक असेही येणारच. आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भाव ठरवला आणि बुकिंगच्या कागदावर लिहून घेतलं : बिल आणि नोंदणी टॅक्सची सूट लागू झाल्यावरच होईल, सूट आली नाही तर बुकिंगची पूर्ण रक्कम परत, आणि दरम्यान कंपनीने भाव वाढवले तरी ठरलेला भाव कायम. शेवटची अट महत्त्वाची आहे. नव्या वर्षात किमती वाढतात आणि लिहून घेतलं नसेल तर बिलाच्या दिवशीचा भाव लागतो.

एक वेगळी वाट सांगायला हवी. मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात गाड्यांचा साठा स्वतःकडे घेतला आहे. बिल थेट कंपनी देते आणि देशभर किंमत एकच. शोरूमवाला तिथे विकणारा नसून विकून देणारा आहे. म्हणून तिथे किमतीवर तासभर वाद घालण्यात अर्थ नाही. कंपनीची चालू योजना काय ती विचारा, आणि जोर जुन्या गाडीच्या भावावर, विम्यावर, कर्जाच्या दरावर लावा. इतर बहुतेक ठिकाणी अजून जुनीच पद्धत आहे.

सूट बिलात हवी, डिकीत नको

भाव करताना एक वळण हमखास येतं. तुम्ही आणखी एक लाख मागता आणि समोरचा म्हणतो, "सर, कैश में नहीं हो पाएगा, एक लाख की एक्सेसरीज फ्री कर देता हूँ." ऐकायला सारखंच वाटतं. पण छापील किमतीने लाखाच्या असलेल्या मॅट, साइड स्टेप, सीट कव्हर आणि कोटिंग डीलरला त्याहून बऱ्याच कमीत पडतात.

आता बिलातली सूट बघा. विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलावर दाखवलेली सूट जीएसटीच्या हिशेबातून वजा होते. दर ४० टक्के असल्यामुळे डीलरने करापूर्वीच्या किमतीत ७१,४२९ रुपये कमी केले की जीएसटी आपोआप २८,५७१ रुपयांनी उतरतो आणि तुमचा पूर्ण एक लाख वाचतो. म्हणजे लाखाची सूट द्यायला त्याला लाख सोडावे लागत नाहीत. हे गणित शांतपणे टेबलावर मांडलं की "नहीं हो पाएगा" जरा मऊ होतं. आमच्या वेळी मॅनेजरने कॅल्क्युलेटर हातात घेतला, दोनदा आकडे दाबले आणि ताईकडे बघून म्हणाला, "मैडम, आप अकाउंट में हैं क्या?" ताई तीस वर्षं शाळेत गणित शिकवते.

जी अ‍ॅक्सेसरी खरंच हवी आहे ती नंतर बाहेरून किंवा शोरूममधूनच सावकाश घ्या. फक्त वायरिंगला हात लागणारं काही बाहेरून करू नका, वॉरंटीत वाद होतो.

कोटेशनमध्ये ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’, ‘फाइल चार्ज’ अशा नावाची ओळ असेल तर तिच्यावर तिथेच बोट ठेवा. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेला असतो. आमच्या कागदावर १८ हजार होते. "ये किस चीज़ के?" एवढंच विचारल्यावर पुढच्या प्रिंटमध्ये ती ओळ नव्हती.

विमा, बँक आणि जुनी गाडी

गाडीत पडतं घेतलेलं डीलर इथे भरून काढतो. त्यात गैर काही नाही, त्याचा धंदा आहे. पण दीड-दोन लाखांची सूट मिळाली म्हणून आनंदात असलेला माणूस पुढच्या तीन कागदांवर न वाचता सही करतो, आणि तीच सूट दुसऱ्या दाराने परत जाते.

विम्याचं बघू. नव्या खासगी गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सरकारने ठरवलेला, सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि जोडीच्या कव्हरांत. तो भाग एक वर्षाचा घेता येतो, आणि कुठल्याही कंपनीकडून घ्यायचं तुम्हाला स्वातंत्र्य आहे.

आम्हाला शोरूमचं कोटेशन २ लाख ६२ हजारांचं होतं. ताईने तीच कव्हरं आणि तीच आयडीव्ही घेऊन बाहेर दोन ठिकाणी विचारलं. आयडीव्ही म्हणजे गाडी पूर्ण गेली तर मिळणारी रक्कम. नव्या गाडीला ती एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते, म्हणजे साठ लाखांवर ५७ लाख. ही सारखी ठेवूनच तुलना करायची, नाहीतर आयडीव्ही कमी दाखवून हप्ता स्वस्त दिसतो. बाहेरचा आकडा आला १ लाख ७१ हजार. एवढा फरक कसा? मुख्य कारण भावोजींच्या जुन्या सेदानमध्ये होतं. पाच वर्षं एकही क्लेम नाही, म्हणजे ५० टक्के नो क्लेम बोनस. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून पत्र घेतलं की तो नव्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर लागतो. शोरूममध्ये हे कुणी विचारलंच नव्हतं.

आम्ही बाहेरचं कोटेशन दाखवलं तर आधी "बाहर का कैशलेस नहीं चलेगा" असं उत्तर मिळालं. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने परस्पर वर्कशॉपला देणं. ते चालणं हे त्या विमा कंपनीचा आणि वर्कशॉपचा करार आहे की नाही यावर असतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. ताई उठून सर्व्हिसच्या काउंटरला गेली आणि करार असलेल्या कंपन्यांची यादी घेऊन आली. तिने जिथे विचारलं होतं त्या दोन्ही कंपन्या त्यात होत्या. शेवटी शोरूमनेच १ लाख ७८ हजारांत दिला आणि आम्ही तिथेच घेतला. सात हजार जास्त गेले, पण क्लेमच्या वेळी एकाच दाराशी जायचं हे भावोजींना बरं वाटलं. मला ते पटतं. "बाहेरूनच घ्या" असा माझा आग्रह नाही. बाहेरचा आकडा हातात असू द्या.

कर्जात एक सापळा आहे. सेल्समन विचारतो, "सर, ईएमआई कितनी कम्फर्टेबल रहेगी?" याचं उत्तर देऊ नका. हप्ता सांगितला की तो मुदत वाढवून त्या हप्त्यात काहीही बसवू शकतो. आधी गाडीचा भाव पक्का करा, मग दर विचारा. चाळीस लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ८३ हजार रुपये. पावणेदहा टक्क्यांनी साडेचौऱ्याऐंशी हजार. महिन्याला दीड हजाराचा फरक डोळ्यांत भरत नाही, पण पाच वर्षांत तो ८७-८८ हजारांवर जातो. तुमचं पगाराचं किंवा दुकानाचं खातं जिथे आहे त्या बँकेचा दर आधी विचारून या. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडायचा दंड, हे दोन्ही विचारा.

नया बाजार, सराफा भागातले आपले व्यापारी मंडळी दोन गोष्टी हमखास विचारतात. पहिली, रोख चालेल का? एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, तेव्हा चेक किंवा बँकेतूनच. दुसरी, फर्मच्या नावावर घेतली तर जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे गाडीवर भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वजा करून, मिळेल का? अशा प्रवासी गाडीवर सर्वसाधारण धंद्याला ते मिळत नाही. धंद्यासाठी वापरत असाल तर १५ टक्के घसारा, म्हणजे गाडीच्या झिजेची वजावट, लावता येतो, तो तुमच्या सीएशी बोलून.

जुन्या गाडीचा व्यवहार नव्या गाडीच्या व्यवहारात मिसळू देऊ नका. "आपकी गाड़ी के पचास हज़ार ज़्यादा दे देता हूँ" म्हणताना नव्या गाडीची सूट तेवढीच कमी झालेली असते. जुन्या गाडीचे दोन भाव बाहेरून आणा आणि नव्या गाडीचा आकडा लेखी ठरल्यावरच ती चावी टेबलावर ठेवा. एक्स्चेंज बोनस कंपनीकडून असेल तर तो वेगळ्या ओळीत दिसायला हवा. आणि गाडी दिल्यानंतर आरसी नव्या मालकाच्या नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा. नाहीतर उद्या ती गाडी कुठे ठोकली तर पोलीस तुमच्या दारात येतील.

टेबलावर बसताना

सेल्समनशी माणुसकीने वागा. तो दहा तास उभा असतो, त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं, आणि "मैनेजर साहब से पूछकर आता हूँ" म्हणून तो आत जातो तेव्हा खरंच त्याला विचारावं लागतं. त्याच्यावर आवाज चढवून एक रुपया कमी होत नाही. तो परत येईपर्यंत गप्प बसायचं, एवढं मात्र जमायला हवं. भावोजींना ते जमत नव्हतं. शांतता झाली की ते स्वतःच म्हणायचे, "चलिए, थोड़ा हम भी एडजस्ट कर लेंगे." तिसऱ्यांदा ताईने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला.

प्रत्येक आकडा छापील कोटेशनवर घ्या, ओळ-ओळ वेगळी : एक्स-शोरूम, डीलरची सूट, कंपनीची सूट, रोड टॅक्स पूर्ण किती आणि सूटीनंतर किती, विमा, टीसीएस, एक्स्टेंडेड वॉरंटी. वॉरंटी मोठ्या गाडीला घ्यावी असं माझं ठाम मत आहे, या गाड्यांचा एखादा सेन्सर किंवा गिअरबॉक्सचा भागही डोळे पांढरे करतो. पण तिचाही भाव होतो. त्याच ब्रँडच्या दोन डीलरांकडून आणि टक्कर देणाऱ्या एका ब्रँडकडून असाच कागद आणा. बुकिंगचे पैसे डीलरच्या खात्यातच टाका, कुणाच्या मोबाइल नंबरवर नाही.

पूर्ण पैसे भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी गाडी उन्हात उभी करून बघा. एकदा नंबर पडला की ती परत करणं जवळपास अशक्य असतं. चासी नंबर कागदाशी जुळवा, किलोमीटर बघा, आणि खाली वाकून टायरच्या बाजूचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२२५ असेल तर तो टायर २०२५ च्या ३२ व्या आठवड्यात बनला. चारही टायरांचे आकडे जवळपासचे असावेत. आमच्या गाडीच्या मागच्या एका टायरचा आकडा बाकी तिघांपेक्षा वर्षभर जुना होता. का, ते कुणी नीट सांगू शकलं नाही, पण दोन दिवसांत टायर बदलून मिळाला. नोंदणी झाल्यावर हे दिसलं असतं तर तो मिळाला असता असं मला वाटत नाही.

ताईच्या वहीतलं शेवटचं पान असं आहे. बिलात डीलरची आणि कंपनीची मिळून सूट २ लाख २५ हजार. विम्यात वाचले ८४ हजार. हँडलिंगचे १८ हजार. रोड टॅक्समधले ४ लाख ८० हजार तिने वेगळी रेघ मारून खाली लिहिलेत आणि समोर ‘सरकार’. त्याखाली टीसीएसचे साठ हजार, त्यापुढे अजून टिक नाही. ते भावोजींच्या पॅनवर दिसतायत का, हे रिटर्न भरायच्या आधी मला बघून द्यायचंय.